दोघींचा धंदा, कागदावर मात्र एकटीचा

प्रश्न : माझी धाकटी जाऊ आणि मी घरी कांदा-लसूण मसाला व चटण्या तयार करून सांगली-मिरजेतील किराणा दुकानांना पुरवतो. माल बहुतेक उधारीवर जातो. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) माझ्या एकटीच्या नावावर आहे. आता कांडप यंत्रासाठी बँकेचे कर्ज काढायचे आहे. काही नातेवाईक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा म्हणतात, तर दीर म्हणतात की उद्यम आहे तेवढे पुरे. आम्ही काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उद्यम नोंदणी उपयोगाची आहेच. आपण स्वतः उत्पादन करता, त्यामुळे लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करावेत, हे कायद्याचे संरक्षण तिच्यामुळे आपल्याला मिळते. मात्र धंद्याचा मालक कोण आणि देणी कोणाच्या अंगावर, हे त्या प्रमाणपत्राने ठरत नाही. आज कागदोपत्री आपला धंदा एकल मालकीचा आहे, म्हणजे सर्व देणी आपल्या एकटीची आणि जाऊबाईंच्या कष्टाला व गुंतवलेल्या पैशाला कोणताही लेखी आधार नाही. कर्ज काढण्यापूर्वी ही स्थिती बदलणे मला सर्वांत निकडीचे वाटते.

कंपनीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. उलाढाल कितीही लहान असली तरी कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावेच लागते, आणि बाहेरून भांडवल घेण्याचा आपला मानस दिसत नाही.

आपल्यासाठी खरी निवड १९३२ च्या कायद्याखालील भागीदारी संस्था आणि २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, या दोहोंतच आहे. साध्या भागीदारीत संस्थेच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसह पूर्णपणे जबाबदार असतो, तर एलएलपीत ही जबाबदारी सामान्यतः गुंतवलेल्या रकमेपुरती राहते. तरीही बँक बहुधा दोघींची वैयक्तिक हमी मागेल आणि त्या कर्जापुरता एलएलपीचा हा लाभ उरणार नाही. शिवाय एलएलपीला धंदा झाला नाही तरी दरवर्षी विवरणपत्रे भरावीच लागतात, आणि लहान व्यावसायिकांना अंदाजित नफ्यावर कर भरण्याची जी सोपी सवलत आहे ती एलएलपीला मिळत नाही, भागीदारी संस्थेला मिळते. म्हणून माझा सल्ला भागीदारी संस्थेचा आहे, पण नोंदणीकृत.

भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, असे आपल्याला अनेक जण सांगतील, आणि ते खरेही आहे. परंतु १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून येणे असलेल्या रकमेसाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही. समजा, एखाद्या दुकानदाराकडे ऐंशी हजारांची उधारी थकली आणि त्याने हात वर केले, तर बिले, पोचपावत्या आणि त्याची सही असूनही हा दावा न्यायालयात टिकणार नाही. ज्यांचा माल उधारीवर जातो त्यांनी हा धोका मुळीच पत्करू नये.

भागीदारी करारनामा छापील नमुन्यावर उरकू नका. कोणी किती भांडवल घातले, नफा-तोटा कोणत्या प्रमाणात वाटायचा, दोघींना पगार किती, धनादेशावर सही कोणाची, आणि एकीने वेगळे व्हायचे ठरवले तर मसाल्याचे नाव कोणाकडे राहील, हे सारे स्पष्ट लिहा. नात्यात ओढाताण होते ती बहुतेक याच न लिहिलेल्या गोष्टींवरून. भागीदार दोघीच असल्याने एकीचे निधन झाल्यास भागीदारी संपुष्टात येते. तेव्हा वारसांचा हिशेब कसा करायचा, हेही त्यात असू द्या.

करारनामा मुद्रांकित झाला की संस्थेच्या नावाने पॅन काढा आणि भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणीचा अर्ज करा. पॅन नवा असल्याने उद्यम नोंदणी, बँक खाते, अन्न परवाना आणि असल्यास जीएसटी क्रमांकही संस्थेच्या नावाने नव्याने घ्यावा लागेल. जुने आपल्या नावावरचे चालणार नाहीत. कर्जाचा अर्ज त्यानंतर आणि संस्थेच्याच नावाने करावा, म्हणजे यंत्र एकटीच्या मालकीचे होणार नाही.