शंखी गोगलगाय: नाव कुठलं, गाव कुठलं?

पावसाळ्यात या सदराच्या टपालात गोगलगायींबद्दलचे प्रश्न हमखास असतात. यंदाच्या पत्रांपैकी काही शंखी गोगलगायीबद्दलची, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या मोठ्या गोगलगायीबद्दलची, एकमेकांना धरून आहेत, म्हणून ती एकत्र घेते. महाविद्यालयाच्या संग्रहातल्या शंखांचे खण लावणं आणि त्यांवर चिठ्ठ्या लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे.

प्रश्न : जुन्या पुस्तकात शंखी गोगलगायीचं शास्त्रीय नाव 'अकॅटिना फुलिका' दिलं आहे, नव्या पुस्तकात 'लिसाकॅटिना फुलिका'. नावापुढे कंसात 'बाउडिच, 1822' असंही छापलेलं असतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना यातलं काय सांगू?

'लिसाकॅटिना फुलिका' सांगा. पण जुनं नाव पुसून टाकू नका. शेतीच्या पुस्तिकांत, कायद्यांच्या कागदांत, जुन्या शोधनिबंधांत अजून अकॅटिनाच आहे. मुलांना दोन्ही नावं माहीत नसतील, तर एकाच प्राण्याबद्दल लिहिलेलं त्यांना दोन प्राण्यांबद्दलचं वाटेल.

नाव का बदललं ते थोडं सविस्तर सांगते. अकॅटिना हा जीनस, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट, फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1799 मध्ये केला. त्या काळी आफ्रिकेतून युरोपात येत ते बहुतेक नुसते शंख. आतला प्राणी वाटेतच कुजलेला किंवा उकळून काढून टाकलेला. मग लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा मोठा शंख दिसला की तो अकॅटिनात जायचा. पण नुसत्या शंखावर एका मर्यादेपलीकडे भरवसा ठेवता येत नाही. एकाच जातीचे शंख चुनखडीच्या जमिनीत जाड आणि चुना कमी असलेल्या जमिनीत पातळ होतात. उलट, नात्याने लांबच्या दोन गोगलगायी सारख्या परिस्थितीत राहून सारख्या दिसू लागतात.

1950 मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयातल्या जोसेफ बेकार्टने या आफ्रिकी गोगलगायींची नव्याने मांडणी केली आणि पूर्व आफ्रिकेतल्या काही जाती 'लिसाकॅटिना' या उपगटात वेगळ्या काढल्या. पुढे आतल्या शरीराची, विशेषतः जननेंद्रियांची रचना तपासली गेली, मग डीएनएही तपासला गेला, आणि हा उपगट स्वतंत्र जीनस मानला जाऊ लागला. पश्चिम आफ्रिकेतली 'अकॅटिना अकॅटिना' मात्र जुन्या घरातच राहिली. तुमच्याकडे दोन्हींचे शंख असतील, तर तोंडाच्या आतल्या कडेला मधला दांडा दिसतो तो मुलांना दाखवा. फुलिकाचा पांढरा किंवा निळसर पांढरा असतो, पश्चिम आफ्रिकेतल्या बहिणीचा गुलाबी-जांभळा. दोघींचाही दांडा खालच्या टोकाला तोडल्यासारखा एकदम संपतो. अकॅटिनिडी कुलाची ती ठळक खूण आहे.

आता कंसाबद्दल. कंसात त्या जातीचं पहिलं वर्णन छापणाऱ्याचं नाव आणि वर्ष असतं. वर्णन केलं तेव्हाचाच जीनस आजही कायम असेल, तर कंस घालत नाहीत. जात दुसऱ्या जीनसमध्ये हलवली गेली असेल, तरच कंस येतो. काही ग्रंथांत बाउडिचऐवजी 'फेरुसाक, 1821' दिसेल. पहिलं ग्राह्य वर्णन कुणाचं मानायचं, यावर मतभेद होते, त्याचा तो मागमूस आहे. मी माझ्या चिठ्ठ्यांवर बाउडिचच लिहिते.

पूर्ण वर्गीकरण असं : संघ मृदुकाय, वर्ग उदरपाद, गण स्टायलोमॅटोफोरा, कुल अकॅटिनिडी. यातलं स्टायलोमॅटोफोरा मुलांना जिवंत प्राण्यावर दाखवता येतं. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या, दोन्ही आत ओढून घेता येणाऱ्या, आणि वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे. शरीराच्या उजव्या बाजूला, शंखाच्या कडेखाली एक भोक उघडतं आणि मिटतं, ते श्वासाचं. या गोगलगायीला कल्ले नसतात. पाठीवरच्या पोकळीचंच फुप्फुस झालेलं आहे.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा, कारण ती पुस्तकात सहसा नसते. जमिनीवर चालणाऱ्या सगळ्या गोगलगायी एकाच वंशातल्या नाहीत. पश्चिम घाटात सायक्लोफोरस जीनसच्या गोगलगायी आहेत. पायाच्या मागच्या बाजूला त्यांना गोल झाकण असतं आणि आत गेल्यावर त्या दार लावल्यासारखं ते बसवतात. त्यांना शिंगांची एकच जोडी, डोळे शिंगांच्या बुडाशी, आणि नर-मादी वेगळे. शंखी गोगलगायीला असं झाकण नसतं आणि ती उभयलिंगी असते. म्हणजे पाण्यातून जमिनीवर यायची वाट गोगलगायींनी निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे काढली. खणातले शंख शेजारी शेजारी ठेवताना मला दर वेळी याचं नवल वाटतं. दोघींच्या पाठीवर घर शंखाचंच आणि आतले जीव मात्र इतके लांबचे.

प्रश्न : ही गोगलगाय आफ्रिकेतून आपल्याकडे कशी आली? तिला नेमकी कोणती जागा मानवते?

मूळ घर पूर्व आफ्रिकेचा किनारी भाग, म्हणजे केनिया आणि टांझानियाचा पट्टा. तिथून ती माणसाबरोबर मादागास्कर, मॉरिशस आणि आसपासच्या बेटांवर गेली. भारतात आणणाऱ्याचं नाव आणि साल दोन्ही नोंदलेलं आहे. विल्यम बेन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आणि शंखांचा मोठा अभ्यासक. मॉरिशसहून आणलेल्या दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्यातल्या चौरंगी भागातल्या एका बागेत सुटल्या. ते साल होतं 1847. याच बेन्सनने 1850 मध्ये पश्चिम घाटातल्या 'इंड्रेला अँपुला' या देखण्या गोगलगायीचं वर्णन केलं. तिचं अंग कुठे लालभडक, कुठे पिवळं असतं, आणि ती जगात पश्चिम घाटाखेरीज कुठेही सापडत नाही. इथल्या गोगलगायी जगासमोर आणणाऱ्या माणसाच्याच हातून त्यांच्यावर हे संकट आलं, याची मला मनापासून खंत वाटते.

दोन गोगलगायींनी एवढा पसारा कसा मांडला, याचं उत्तर तिच्या शरीरात आहे. प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. एकदा मीलन झालं की मिळालेले शुक्राणू ती कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे कुंडीच्या मातीतून गेलेली एकटी गोगलगायही नवी वसाहत उभारू शकते. एका वेळी शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त अंडी, मोहरीहून बरीच मोठी, साधारण 5 मिलिमीटरची, चुन्याच्या कवचाची. अशी वर्षातून अनेकदा. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 1966 साली एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या आणि त्या घराच्या बागेत सोडल्या गेल्या. त्या निपटून काढायला 1975 पर्यंत वेळ लागला, 18,000 हून अधिक गोगलगायी वेचाव्या लागल्या आणि दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला. 2011 मध्ये त्या तिथे पुन्हा सापडल्याच.

डीएनएचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. पूर्व आफ्रिका आणि हिंदी महासागरातली बेटं सोडली, तर बाहेरच्या जगातल्या या गोगलगायींमध्ये आनुवंशिक विविधता फारच थोडी आहे, असं त्यात दिसलं. म्हणजे निम्म्या जगभर पसरलेली ही गोगलगाय त्या बेटांवरून निघालेल्या मोजक्या पूर्वजांची संतती आहे.

जागेचं म्हणाल, तर तिला उष्ण, दमट सखल प्रदेश हवा आणि माणसाने हलवलेली जमीन हवी. गर्द, अस्पर्श जंगलापेक्षा जंगलाची कड, मळे, बागा, बांध, कचऱ्याचे ढीग, पडक्या भिंती इथे ती जास्त फोफावते. दिवसा पाचोळ्याखाली, दगडांच्या फटीत, भुसभुशीत मातीत लपते. रात्री आणि पावसाळी ढगाळ दिवसांत बाहेर पडते. चरून झाल्यावर आपल्या आडोशाला परतण्याची तिची सवयही अभ्यासकांनी नोंदवली आहे. शंख वाढवायला चुना लागतो, म्हणून ती भिंतीचा चुना खरवडताना दिसते. भाज्या, फळझाडं, फुलझाडं, कुजका पाला, सगळं खाते. तिच्या खाद्यवनस्पतींची यादी काही शेकड्यांत जाते.

कोरडा काळ आला की ती मातीत शिरते, शंखाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा धरते आणि कित्येक महिने निजून राहते. उन्हाळ्यात शेतात एकही न दिसणं म्हणजे ती संपली असं नव्हे. मराठवाड्यात 2022 च्या खरिपात लातूर, उस्मानाबाद, बीड जिल्ह्यांत सोयाबीनची रोपं उगवता उगवता फस्त झाली. पहिल्या चांगल्या पावसाने हे निजलेले जीव एकदम जागे झाले की असं होतं.

प्रश्न : आमच्या बागेत तीन-चार प्रकारच्या गोगलगायी आहेत. शेजारी म्हणतात, सगळ्या आफ्रिकी, सगळ्या मारा. खरं काय?

सगळ्या मारू नका. ही विनंती मी अगदी कळकळीने करते आहे. आपल्याकडच्या बहुतेक जमिनीवरच्या गोगलगायी पाचोळा, बुरशी, शेवाळ खातात आणि पिकाच्या वाटेला जात नाहीत. काही देशी जाती रोपं खातात हे खरं, पण त्यावरून सगळ्यांचा निकाल लावता येत नाही.

ओळखायला आधी आकार बघा. शंखी गोगलगायीचा शंख लांबट, टोकदार, पूर्ण वाढीला सात ते नऊ वेटोळ्यांचा, बहुधा 7 ते 10 सेंटिमीटर लांब, तपकिरी अंगावर उभे गडद फराटे असलेला. शंख शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे आलं, तर शंख उजवा. शंखी गोगलगाय जवळजवळ नेहमी उजवी असते. मुंबई-कोकणाकडे आढळणारी 'अरिओफँटा लेविपेस' ही देशी गोगलगाय मात्र डावी आहे, आणि तिचा शंख बसका असतो. झाकण असलेली दिसली, तर ती देशी, सायक्लोफोरसच्या नात्यातली असण्याचा संभव जास्त. पिल्लांत गोंधळ होतो, कारण आफ्रिकी पिल्लाचा शंख आखूड असतो. शंका असेल, तर ती राहू द्या आणि शंख लांबट झालेल्याच वेचा.

वेचण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाका, पहाटे त्याखाली जमलेल्या गोळा करा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. मीठ वाफ्यात टाकू नका, माती खराब होते. मातीत अंड्यांचे पुंजके सापडले, तर तेही काढा. रिकामे शंख फोडून पुरा, नाहीतर त्यांत पाणी साठून डास होतात. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या देशी-परदेशी असा भेद करत नाहीत, आणि कुत्र्यांनाही घातक आहेत. बागेसाठी मी त्या सुचवणार नाही.

वाचकांपैकी एकाने शिकारी गोगलगाय सोडण्याबद्दलही विचारलं आहे. हा प्रयोग जगात झाला आहे. 'युग्लँडिना रोझिया' ही दुसऱ्या गोगलगायी खाणारी जात 1955 मध्ये हवाईत आणि 1977 मध्ये ताहितीजवळच्या मूरिया बेटावर सोडली गेली. शंखी गोगलगाय काही संपली नाही. मूरियावरच्या पार्टुला जीनसच्या चिमुकल्या गोगलगायी मात्र काही वर्षांत रानातून जवळजवळ नाहीशा झाल्या, त्यांतल्या काही फक्त प्राणिसंग्रहालयांत वाचल्या. हवाईच्या अकॅटिनेला अपेक्सफुल्वा या वृक्षावरच्या जातीचा शेवटचा ज्ञात जीव 1 जानेवारी 2019 रोजी मेला. तिच्याही ऱ्हासाला ही शिकारी गोगलगाय मोठं कारण होती.

प्रश्न : माझा नातू गोगलगायी हातावर घेऊन खेळतो. काही अपाय होतो का?

शंखी गोगलगाय उघड्या हाताने धरू देऊ नका, आजी. तिच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या असू शकतात. उंदराची विष्ठा खाताना त्या तिच्यात शिरतात. माणसाच्या पोटात गेल्या, तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. धोका मुख्यतः कच्ची गोगलगाय किंवा न धुतलेला पाला पोटात जाण्याचा आहे, पण लहान मुलांचे हात तोंडात जातातच. हातमोजे घालू द्या, नंतर साबणाने हात धुवा, पालेभाजी नीट धुऊन घ्या. त्याला गोगलगाय बघायचीच असेल, तर पावसात काचेवर चढलेली मागच्या बाजूने दाखवा. पायावरून पुढे सरकणाऱ्या लाटा आणि खरवडणारं तोंड तिथून छान दिसतं.