जॉबशीटवरची ती एक सही

नव्या टीव्हीवर रोज सुरू करताना उभी रेघ दिसते, अर्ध्या तासाने आपोआप जाते आणि दुकानदार ‘कंपनीला फोन करा’ म्हणतो, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि माझं जुनं दुखणं उपटलं. माझ्याकडेही अगदी हेच झालं होतं.

पावती जपा वगैरे सांगत बसत नाही. माझा घात एका सहीने केला. टेक्निशियन दुपारी आला. टीव्ही सकाळपासून चालू, त्यामुळे रेघ गेलेली. त्याने रीसेट मारला, जॉबशीटवर, म्हणजे त्याच्या भेटीची नोंद असलेल्या कागदावर, ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं, पेन पुढे केलं आणि मी न वाचता सही केली. दुसऱ्या सकाळी रेघ हजर. त्यानंतर दुकानात गेलो की तोच कागद समोर यायचा: “टीव्ही ठीक आहे असं तुम्हीच लिहून दिलंय.” दुकान सर्व्हिस सेंटरकडे पाठवायचं, सर्व्हिस सेंटर दुकानाकडे. या हेलपाट्यांत बदलून मिळण्याची मुदत संपली. पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, बदलून मिळालं ते पाच महिन्यांनी. आजही आठवलं की संताप होतो.

अशी रेघ पुष्कळदा पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या बारीक फिल्मपट्टीचा जोड सैल झाल्याने येते. तापलं की जोड धरतो, गार झालं की सुटतो. म्हणून टेक्निशियनला सकाळचीच वेळ द्या आणि तो येईपर्यंत टीव्ही बंद ठेवा. तरीही रेघ दिसली नाही, तर ‘टीव्ही गार असताना रेघ येते’ हे जॉबशीटवर स्वतःच्या हाताने लिहा, फोटो काढा, मग सही. लिहू देत नसेल तर सही करू नका.

व्हिडिओ सलग घ्या, आधी मागचा सिरियल नंबर, मग टीव्ही सुरू होताना. टीव्हीचा स्वतःचा मेनूही उघडून दाखवा. रेघ मेनूवरही असेल तर केबल किंवा बॉक्सकडे बोट दाखवता येत नाही. एखादा मेलेला पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा न उजळणारा बारीक ठिपका, असेल तर तो या तक्रारीत घालू नका. ४के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात आणि एखाददुसरा बंद असणं बऱ्याच कंपन्या दोष मानतच नाहीत. वाद तिकडेच भरकटतो.

माझं ठाम मत: दुकानदाराला सोडू नका. पैसे त्याने घेतले, वस्तू त्याने विकली. कंपनीची वॉरंटी ही वेगळी गोष्ट आहे. मी वकील नाही आणि नियम देशागणिक बदलतात, तेव्हा बिलामागच्या अटी आणि तुमच्याकडचा ग्राहक कायदा स्वतः वाचा. पण मागणी लेखीच करा आणि एकच करा, बदली किंवा परतावा. ‘काहीतरी करा’ असं लिहिलंत की दुरुस्तीच पदरात पडते. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ईमेलने कळवा.

आज रात्री टीव्ही बंद करा, उद्या सकाळी व्हिडिओ घ्या आणि दुपारच्या आत दुकानाला ईमेल जाऊ द्या. मसुदा इथे टाकलात तर मी नजर टाकतो.