१२ आणि ८ लिटर मिळून १२८ का होतात

तुझी अडचण थोडक्यात अशी: गावच्या दूध संस्थेसाठी पायथनमध्ये बिलाचा प्रोग्राम केलास, सकाळचं १२ आणि संध्याकाळचं ८ लिटर टाकलं तर बेरीज १२८ आली. मग इंट() (टाकलेल्याचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावलंस, तर साडेसहा लिटरवर प्रोग्राम लाल अक्षरं ओकून बंद पडला.

भावा, १२८ ची भानगड सोपी आहे. पायथन ३ मध्ये इनपुट() काहीही टाकलं तरी स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, देतं, आणि स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह आलं की बेरीज होत नाही, एकापुढे एक चिकटतात. (एखाद्या व्हिडिओत रॉ_इनपुट() दिसलं तर तो पायथन २ चा आहे, सोडून दे.) ‘६.५’ ही स्ट्रिंग इंट()ला चालत नाही, म्हणून व्हॅल्यूएरर, म्हणजे ‘ही किंमत चालत नाही’ अशी चूक. लिटर आणि फॅट, दोन्हीला फ्लोट() लाव, त्याला दशांशाचा आकडा चालतो.

खरं दुखणं पुढं आहे. संकलनाच्या वेळी रांग लागलेली असते, माणूस घाईत ‘६,५’ टाकणार, ‘६.५ लि’ टाकणार, नाहीतर नुसतंच एंटर दाबणार. बरेच जण इझडिजिट() ने (सगळे अंकच आहेत का, हे बघणारं) तपासायला सांगतात. माझ्या मते इथं ते बिनकामाचं. ‘६.५’ला ते नाही म्हणतं, आणि वर्गाच्या चिन्हातल्या त्या बारक्या दोनला (²) हो म्हणतं, ज्यावर इंट() आपटतं.

त्यापेक्षा ‘आकडा_घे’ असं एकच फंक्शन कर आणि लिटर, फॅट सगळं त्यातूनच घे. आत व्हाइल ट्रू, म्हणजे नीट आकडा मिळेपर्यंत फिरत राहणारा लूप. ट्राय मध्ये (जिथं चूक होऊ शकते तो भाग) फक्त फ्लोट()ची ओळ. एक्सेप्ट व्हॅल्यूएरर मध्ये (ती चूक झाली तर काय करायचं तो भाग) ‘आकडा नीट टाका, उदा. ६.५’ असं साध्या मराठीत सांग आणि पुन्हा विचार. दराचा हिशोब ट्राय मध्ये कोंबू नकोस, नाहीतर चूक तुझ्या हिशोबात आणि बोलणी दूध घालणाऱ्याला. नुसतं एक्सेप्ट तर अजिबात नको: ते कंट्रोल-सी सुद्धा गिळतं, मग प्रोग्राम थांबवायचा कसा?

आकडा मिळाला म्हणजे तो खरा असं नाही. म्हशीच्या दुधाला फॅट ७० येत नाही, ७.० टाकताना टिंब राहिलेलं असतं. किमान-कमाल किती धरायचं ते संस्थेच्या सचिवांना विचार, आणि अट ‘किमान <= फॅट <= कमाल असेल तरच घे’ अशी लिही. उलटी, म्हणजे ‘कमी किंवा जास्त असेल तर नाकार’ अशी लिहिलीस तर कुणी ‘एनएएन’ ही इंग्रजी अक्षरं टाकली की ती सुखरूप आत येतात. फ्लोट() त्यांना ‘संख्या नाही’ अशी संख्या मानतं, आणि तिच्याशी केलेली कमी-जास्तची प्रत्येक तुलना खोटी ठरते.

एक चांगली गोष्ट: मराठी कीबोर्डवरून टाकलेले देवनागरी अंक इंट() आणि फ्लोट() दोघांनाही बिनतक्रार कळतात. पण सभासद क्रमांक स्ट्रिंग म्हणून ठेवलास तर देवनागरीतला ४२ आणि इंग्रजी अंकांतला ४२ हे दोन वेगळे सभासद होतील, ०४२ हा तिसरा. तिथं इंट() करून घे. मोबाईल नंबर मात्र स्ट्रिंगच राहू दे.

एवढं झालं की फॅटच्या जागी रिकामं एंटर, ‘६,५’, उणे ५, ७० आणि ‘एनएएन’ टाकून बघ. पाचही वेळा पुन्हा विचारलं पाहिजे.