सांधेदुखीच्या रांगेतले शंभर जण

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ओपीडीत दर तिसरा माणूस गुडघा, कंबर नाहीतर मनगट पुढे करतो, आणि आपलं संधिवाताचं वाचन म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री चाळलेली चार पानं, असं लिहिलं आहेस. त्यात नवल काही नाही. आमच्या वेळीही हृदय, फुफ्फुस, पोट पाठ असायचं आणि सांधे ऑप्शनला टाकलेले. वॉर्डात हे पेशंट फारसे दाखल होत नाहीत, म्हणून शिकवलेही जात नाहीत. ते असतात तू सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष काढते आहेस तिथे, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत.

आधी एक हिशेब सांगतो. फ्लेमिंगो बघायला लोक जातात ते उजनी काठचं भिगवण तुला माहीत असेल. तिथे 1996 साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. गावोगावची सांधेदुखी मोजणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमातली ती पाहणी. प्रौढांपैकी साधारण 18 टक्के लोकांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवून खराब करणारा संधिवात, निघाला अर्धा टक्का लोकांना. अर्धा टक्का म्हणजे किरकोळ वाटतं. पण तुझ्या केंद्राखाली 30,000 लोकसंख्या, त्यात प्रौढ 20,000 धर. म्हणजे दुखणारे साडेतीन हजार, आणि त्यांत रुमॅटॉइडचे शंभर. या शंभरांतले बरेचसे पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञापर्यंत पोचलेलेच नसतात. ते उरलेल्या साडेतीन हजारांसारखंच इंजेक्शन घेऊन घरी जातात. तू संधिवाततज्ज्ञ व्हावंस अशी कुणाची अपेक्षा नाही. ते शंभर जण वेगळे काढायचे आणि पुढची कैक वर्षं सांभाळायचे, एवढंच तुझं काम. पण ते तुझ्याशिवाय कुणी करणार नाही.

वेगळे कसे काढायचे? पुस्तकात लिहिलंय, सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकतो ते विचारा. विचारून बघ. “असतंय की थोडा येळ,” असं उत्तर येईल. पहाटे उठून कामाला लागणारी बाई मिनिटं मोजत नाही. तिला विचार, पहिल्या भाकरीला हात वळतो का? धार काढताना मूठ मिटते का? धुणं पिळता येतं का? आणि मग, हात सुटतात कधी, भाकऱ्या होईपर्यंत की ऊन वर आल्यावर? उठल्यावर चार पावलं जड जातात आणि मग चालणं सुरळीत होतं, पण दिवसभर उठबस केली की संध्याकाळी गुडघा ठणकतो, हा झिजेचा संधिवात. सकाळी तासभर हात लाकडासारखे आणि काम करता करता मोकळे, हा सुजेचा, रुमॅटॉइडसारखा. या एका प्रश्नोत्तराला रक्ताच्या निम्म्या तपासण्यांपेक्षा मी जास्त किंमत देतो.

मग हात बघ. टोकाची पेरं टणक झाली असतील तर बहुधा झीज. मुळाची आणि मधली पेरं, मनगटं, दोन्ही हातांना सारखीच धरलेली असतील तर सावध हो. चारही बोटांच्या मुळांशी तिचा पंजा आडवा धर आणि हलकेच दाब. दाबताना तिच्या चेहऱ्याकडे बघ, हाताकडे नको. तेच पावलांना कर. पाय तपासायचे राहतात, कारण बाई चपला बाहेर काढून आलेली असते, पाय लुगड्याखाली आणि डॉक्टर टेबलामागे. जोडवी कधीपासून घट्ट होतात विचार. बांगड्या बदलताना मनगटातून जात नाहीत का, तेही विचार. सूज कधी सुरू झाली याची तारीख कधीकधी कासाराकडून मिळते.

आता तपासण्या. शहरातल्या लॅबने ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाचं पॅकेज काढलंय: आरए फॅक्टर (रुमॅटॉइडसाठीची रक्ततपासणी), एएसओ (घशाच्या जंतुसंसर्गाची खूण), सीआरपी (सुजेचा अंदाज देणारी), युरिक ॲसिड, सगळं एका पावतीवर. माझा त्याच्यावर राग आहे. रुमॅटॉइडच्या चारातल्या एखाद्या पेशंटचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो, आणि “रिपोर्ट नॉर्मल आहे” म्हणून त्याला वेदनाशामकावर घरी पाठवलं जातं. उलट क्षय, कुष्ठरोग, यकृताची जुनी कावीळ, नाहीतर नुसतंच वाढलेलं वय, यातही तो पॉझिटिव्ह येतो. युरिक ॲसिड थोडं वाढलेलं दिसलं की गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचण्याच्या आजाराचं, लेबल लागतं आणि बिचाऱ्याच्या डाळी बंद होतात. खऱ्या गाऊटच्या झटक्यात मात्र ते नॉर्मलही असू शकतं. एएसओ वाढलेलं म्हणजे कधीतरी घसा धरला होता, इतकंच. तू हिमोग्राम, सुजेसाठी ईएसआर किंवा सीआरपी, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवी एवढं करून घे. शंका पक्की असेल तर आरए फॅक्टरबरोबर अँटी-सीसीपी ही रुमॅटॉइडची दुसरी रक्ततपासणी बाहेरून करायला सांग. खर्च आहे, पण ती पॉझिटिव्ह आली तर सहसा फसवत नाही. एक्स-रे सुरुवातीला निर्दोष येतो. हाड खरवडलेलं दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

घाई कशासाठी, तर युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की सूज आल्यापासून 6 आठवड्यांत पेशंट तज्ज्ञाने पाहावा आणि 3 महिन्यांत मूळ आजारावरचं औषध सुरू व्हावं. आपल्याकडे हे 3 महिने तेल-मालीश, गावातलं इंजेक्शन, नणंदेने सांगितलेला काढा आणि “पेरणी उरकली की दाखवू” यात जातात. तुझ्या दारात पेशंट येतो तेव्हा बहुतेक वेळा हा काळ संपत आलेला असतो. म्हणून दोनपेक्षा जास्त सांध्यांना सूज, सकाळचा आखडलेपणा आणि 6 आठवडे उलटलेले, एवढं जमलं की रिपोर्टची वाट न पाहता तज्ज्ञाशी बोल. जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज, नाहीतर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर फिजिशियन, जो मिळेल तो. चिठ्ठीत ‘सांधेदुखी, पुढील उपचारार्थ’ एवढंच खरडू नकोस. कोणते सांधे, कधीपासून, सकाळी किती वेळ, आतापर्यंत कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं, गरोदरपणाचा विचार आहे का, हे लिहिलेली चिठ्ठी वाचली जाते.

काही पेशंटना मात्र थांबायला वेळच नसतो. एकच सांधा लालबुंद, गरम, ताप, हात लावू देत नाही: त्यात पू आहे असंच धर आणि त्याच दिवशी गाडीत बसव. तिशीच्या आतली मुलगी, सांधे दुखतात, केस गळतात, तोंडात फोड, अधूनमधून ताप: लघवीत प्रथिनं आहेत का ते पट्टी बुडवून लगेच बघ, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) मूत्रपिंडात शिरला की गवगवा करत नाही. तरुण पोरगा, पहाटे कंबरदुखीने उठतो, चालल्यावर बरं वाटतं आणि झोपून राहिलं की वाढतं: हाही सुजेचाच संधिवात असू शकतो, कण्याचा; त्याला विश्रांती आणि पट्टा देऊ नकोस, डोळा कधी लाल होऊन दुखला होता का विचार. चिकुनगुन्याचं तर बोलायलाच नको. 2006 च्या लाटेत गावंच्या गावं वाकून चालत होती, 2024 मध्ये पुण्याने पुन्हा अनुभव घेतला. बहुतेक जण काही आठवड्यांत सुटतात. 3 महिन्यांनंतरही सूज हटली नाही तर तो पेशंट आपल्या शंभरांच्या यादीत घालून तपास. बधिर चट्टा आणि जाड नस शोधायला विसरू नकोस, कुष्ठरोगाची रिॲक्शन सांधे सुजवून येते. मधुमेह्याला नमस्कार करायला सांग. तळवे जुळत नसतील तर बोटं साखरेने धरलीत.

आणि शाळकरी मूल. आज गुडघा, परवा घोटा, नंतर कोपर, असा फिरता सांधा आणि ताप. ॲस्पिरिनने एक-दोन दिवसांत ते उड्या मारायला लागतं, आई दुवा देते, आणि तिथेच घात होतो. ऱ्हुमॅटिक फीव्हर सांध्यात काही ठेवून जात नाही, तो हृदयाच्या झडपा धरतो. छातीला स्टेथोस्कोप लाव, इको करून घे, आणि निदान झालं तर दर 3 आठवड्यांचं बेन्झाथिन पेनिसिलिन वर्षानुवर्षं चुकता कामा नये. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, सिस्टरची वही आणि आशाताईंचे पाय लागतात. ती वही आजच कर.

आता औषधं. रुमॅटॉइडचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. स्वस्त आहे, जुनं आहे आणि नीट दिलं तर उत्तम आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. पेशंटला गोळी रोज घ्यायची सवय असते, केमिस्टला रोज द्यायची, आणि हीच गोळी रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी घसरतात, जीवही जातो. माझी पद्धत सांगतो. गावाच्या आठवडी बाजाराचा वार विचारायचा. गोळी बाजारच्या दिवशी, रात्री जेवून. बाजार कुणी विसरत नाही. चिठ्ठीवर वार मराठीत, मोठ्या अक्षरात, ‘रोज घेऊ नये’ असं खाली, आणि एकाच ताकदीची गोळी, म्हणजे अडीच आणि साडेसात मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा घोळ नको. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. सुरू करण्याआधी कावीळ बी आणि सीची तपासणी, छातीचा एक्स-रे. सुरू झाल्यावर पहिले काही महिने 2 ते 4 आठवड्यांनी, मग दर 3 महिन्यांनी हिमोग्राम, यकृतासाठी एसजीपीटी, क्रिएटिनिन. औषध तज्ज्ञाने लिहिलं तरी ही रक्ततपासणी तुझ्याकडेच व्हायला हवी. एसटीने तीन तास जाऊन फक्त रक्त द्यायला कुणी जात नाही. गुण यायला 6 ते 8 आठवडे लागतात हे पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात “गोळी लागू पडंना” म्हणून बंद होते.

लग्नाचं लक्षात ठेव. मुलीचा आजार लग्न ठरताना लपवतात आणि सासरी गेल्यावर गोळ्या लपवायच्या की सोडायच्या असा पेच पडतो. बहुतेकजणी सोडतात. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, मूल हवं असेल तर निदान 3 महिने आधी बंद करून बदली औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन त्या काळात चालतात. हे बोलणं सासूला बाहेर बसवून करायचं. जमल्यास नवऱ्याला आत घ्यायचं.

स्टेरॉइडवर मी एवढंच म्हणेन की ते सावकाराचे पैसे आहेत. गरज पडली तर कमी मात्रेत, थोडे आठवडे, परतफेडीची तारीख ठरवून. तुझ्या भागात सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांत बहुधा काय असतं ते पेशंटच्या गोल चेहऱ्यावरून आणि अचानक वाढलेल्या साखरेवरून ओळख. पण रागाच्या भरात पुडी एका दिवसात बंद करू नकोस. वर्षभर घेतली असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड थांबलेलं असतं आणि पेशंट कोसळतो. हळूहळू उतरव.

डायक्लोफेनॅकबद्दल तुला गंमत सांगतो, गंमत म्हणायची खरी. हे औषध दिलेल्या जनावरांची मढी खाऊन आपली गिधाडं संपत आली. मूत्रपिंडं निकामी व्हायची आणि अंगभर युरिक ॲसिड साचायचं. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांना मात्र आपण “एक सुई मारा” म्हटलं की टोचतो, त्यातही रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्यांना. क्रिएटिनिन माहीत नसेल तर त्या सुईआधी थांब. झिजलेल्या गुडघ्याला लावायचं जेल, मांडीचे व्यायाम आणि चार किलो वजन कमी करणं, यात सुईपेक्षा जास्त टिकाऊ आराम आहे. लोकांना पटायला वेळ लागतो, रोज सांगावं लागतं.

राहता राहिला रक्तदाब, साखर आणि तंबाखू. रुमॅटॉइडच्या पेशंटला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो आणि सांध्यांच्या डॉक्टरकडे त्याची आठवण कुणाला राहत नाही. ते तुझ्याकडेच बघितलं जाईल.

यादी सुरू केलीस की पाठव. नावं नकोत, गाव, वय आणि कोणते सांधे एवढं पुरे. दर रविवारी संध्याकाळी मी फोनवर असतो.

तुझा,
सर

ता. क. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या पेशंटला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक देऊ नकोस. दोन्ही एकत्र आली की रक्तपेशी झपाट्याने घसरतात. तुझ्या कपाटात ती गोळी समोरच ठेवलेली असणार, म्हणून आजच फार्मासिस्टला सांगून ठेव.