निरोप मुलीच्या हाती नको

‘आम्ही वेगळे झालो, पण मुलीसाठी रोज बोलावंच लागतं आणि रोज भांडण होतं. आईवडिलांसाठी खास ॲप असतात म्हणे. त्यांचा उपयोग होतो का?’ समुपदेशनासाठी येणारे विभक्त पालक मला हे वरचेवर विचारतात. उपयोग होतो, पण आधी दोघांनी चार गोष्टी ठरवल्या तरच. एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची. आठवडा आईकडे, शनिवार-रविवार बाबांकडे. दोघांनी एकमेकांशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं, त्यामुळे निरोप मुलीबरोबर जायचे. आई म्हणायची, ‘बाबाला सांग, फीचे पैसे या वेळी तरी वेळेवर दे.’ मुलगी बाबांना सांगायची, ‘आई म्हणाली, जमलं तर फीचं बघ.’ वाक्यातला राग ती वाटेतच काढून टाकायची. मग पैसे उशिरा आले की आई चिडायची आणि बाबांना वाटायचं, ‘जमलं तर’ असंच तर सांगितलं होतं! रविवारी संध्याकाळी मुलीच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून आईबाबा माझ्याकडे आले.

व्हॉट्सॲप होतंच की, पण तिथे फीच्या निरोपाखाली जुनी भांडणं, रात्री बारानंतरचे मेसेज, ‘निळी टिक आली तरी उत्तर नाही’ आणि पाठवून पुसून टाकलेली वाक्यं. शाळेची सूचना शोधायची तर आधी सगळी कटुता पुन्हा वाचावी लागे.

यासाठीच काही ॲप निघाली आहेत. अमेरिकेतलं ‘अवरफॅमिलीविझार्ड’ 2001 पासून आहे, ‘टॉकिंगपेरेंट्स’ हे असंच दुसरं. त्यांत पाठवलेला मेसेज बदलता किंवा पुसता येत नाही, तो कधी पाठवला, कधी उघडला याची वेळ नोंदली जाते. भेटीचे दिवस आणि खर्चाचा हिशेब यांना वेगळी जागा असते. पण सगळ्यांना अशा ॲपची गरज नसते. या दोघांनी सामायिक गूगल कॅलेंडर आणि फक्त मुलीच्या विषयासाठी एक नवा ईमेल पत्ता, एवढ्यावर भागवलं. कोर्टात वाद चालू असेल किंवा ‘मी असं म्हणालोच नाही’ हेच रोजचं भांडण असेल, तर मात्र न पुसता येणारी नोंद कामाची ठरते.

खरा वेळ गेला तो भाषेवर. आईने लिहिलेला एक मेसेज आम्ही समोर ठेवला: ‘नेहमीसारखं विसरलास ना? विज्ञानाची वही तुझ्याकडेच राहिली. उद्या बाई तिला ओरडणार, तुझ्यामुळे.’ मी विचारलं, यातलं मुलीच्या कामाचं किती? तिने एकेक शब्द खोडला. उरलं ते असं: ‘विज्ञानाची वही तुझ्याकडे राहिली आहे. उद्या शाळेत लागेल. सकाळी साडेसातला गेटवर देशील का?’ बाबांचं उत्तर आलं, ‘हो, देतो.’ ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत होती. मग म्हणाली, ‘पण मग माझ्या रागाचं काय करू?’ तो रास्त प्रश्न होता. राग खोटा नव्हताच. त्याला जागा समुपदेशनात होती, मैत्रिणीजवळ होती, वहीच्या निरोपात नव्हती.

मग नियम ठरले. एका मेसेजमध्ये एकच विषय. उत्तर चोवीस तासांत, तब्येतीची तातडी असेल तर सरळ फोन. दिवस बदलायचा तर मुलीला सांगण्याआधी एकमेकांना विचारायचं. आणि मुलीच्या हाती एकही निरोप द्यायचा नाही, अगदी ‘स्वेटर दे म्हणावं’ एवढासुद्धा. हा शेवटचा नियम पाळणं दोघांना सगळ्यात जड गेलं.

एक धोकाही दिसला. नोंद राहते म्हटल्यावर बाबा काही दिवस न्यायाधीशाने वाचावं असं लिहू लागले: तारखा, दाखले, ‘तुझ्या निदर्शनास आणून देतो’. हा चांगल्या कपड्यातला रागच. मी त्यांना एवढंच विचारायला सांगितलं: मुलगी मोठी झाल्यावर तिने हे वाचलं तर चालेल का?

जिथे मारहाण, धमक्या किंवा पाळत ठेवणं झालं आहे, तिथे हे सगळं लागू नाही. तिथे आधी सुरक्षितता आणि वकिलाचा सल्ला. मुलाच्या फोनमधून आपलं लोकेशन तर कळत नाही ना, हेही तपासावं.

आणि समोरची व्यक्ती ॲप घ्यायला तयारच नसेल तर? तरी आपण आपल्या बाजूने सुरू करता येतं. मुलाच्या गोष्टी एकाच ईमेलवरून, एकाच सुरात लिहायच्या. टोमणा आला तर त्यातला कामाचा प्रश्न तेवढा उचलून त्याचं उत्तर द्यायचं. या जोडप्यातही आधी आईनेच एकटीने असं लिहायला घेतलं होतं, बाबा बऱ्याच आठवड्यांनी त्यात आले.