वाचकांचे प्रश्न : फॉरमॅट मारूनही नवा लॅपटॉप बंद पडतो

प्रश्न : मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेतला. ८ जीबी रॅम कमी पडेल म्हणून आठवड्याभरात दुकानातूनच आणखी ८ जीबी टाकून घेतली. त्यानंतर तो रोज एक-दोनदा आपोआप रीस्टार्ट होतो, कधी काम करताना, कधी नुसता पडून असताना. सर्व्हिस सेंटरने विंडोज नव्याने टाकून दिले, तरी तेच. आमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होते, त्यामुळे असेल का? (एक वाचक, विटा, जि. सांगली)

उत्तर : व्होल्टेजचा संशय आधी मिटवा. लॅपटॉपचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात आणि लाइट गेली तरी मशीन बॅटरीवर चालूच राहते. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर वापरून बघा. तसाही बंद पडला, तर घरातल्या विजेला दोष देऊ नका.

मग नोंद वाचा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. लॅपटॉप बंद पडला त्या वेळेजवळ कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडेल. ती एवढेच सांगते की मशीन नीट बंद झाले नव्हते. ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ असा तिचा अर्थ लावणे चूक आहे. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड (बिघाडाचा क्रमांक) बघा. ० असेल तर विंडोजला कारण नोंदवायलाही वेळ मिळाला नाही : वीजपुरवठा तुटला किंवा मशीन पूर्ण गोठले. २६ असेल तर संशय मेमरीवर (म्हणजे रॅमवर), २९२ असेल तर थेट हार्डवेअरवर. निळ्या (नव्या विंडोजमध्ये काळ्या) स्क्रीनवर हेच आकडे ०x१ए आणि ०x१२४ असे दिसतात. फॉरमॅट मारला की या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून पुन्हा फॉरमॅटला देण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा.

तुमच्या बाबतीत पहिला संशय नव्या रॅमवरच. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारे सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि चारही फेऱ्या रात्रभर चालू द्या. एकही एरर आली तरी रॅम नापास. ‘एखादी एरर चालते’ हे ऐकून घेऊ नका. मग नवी टाकलेली रॅमची स्टिक (पट्टी) काढून पुन्हा तपासा. काढताना लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर वेगळा, आतल्या बॅटरीचा कनेक्टरही सुटा हवा. हे स्वतःला जमण्यासारखे नसेल तर दुकानातच, समोर बसून करून घ्या. स्टिक काढल्यावर चार-पाच दिवस नीट चालला तर स्टिक बदलून मागा. बिलावर तिची वेगळी नोंद आहे का, तेही पाहा.

स्टिक काढूनही बंद पडला, तर कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा बायॉस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर मुलीचे सगळे काम कुलूपबंद होईल. चार्जर लावलेला ठेवा, अपडेट मधेच तोडू नका. तरी फरक नसेल तर मदरबोर्डचा संशय घेऊन सर्व्हिस सेंटरला द्या आणि जॉबशीटवर बगचेककोडसह पूर्ण तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठू नका. दाद लागलीच नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. पुढे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रार शुल्क नाही.

प्रश्न : झाकण लावून रात्री ठेवलेला लॅपटॉप सकाळी सुरूच होत नाही, बटण दाबून धरावे लागते. (एक वाचक, पाटण, जि. सातारा)

उत्तर : स्लीपमधून उठताना एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) अडकत असावा, बरेचदा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून हे दोन्ही नवे टाका आणि कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. तोवर झाकण लावण्याआधी हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून बंद) करा किंवा सरळ शटडाउन.