वेखंड एक गुंज की एक ग्रॅम?

प्रश्न : नौपाड्यातलं जुनं घर सोडून आम्ही ऐरोलीला राहायला आलो, तेव्हा सामानात वनौषधींची पाच-सहा पुस्तकं निघाली. काही आजोबांची, काही बाबांनी फूटपाथवरून घेतलेली. बाबा (वय ७४, मधुमेहाची गोळी चालू) ती वाचून स्वतःवर प्रयोग करतात. वेखंडाची मात्रा एका पुस्तकात एक गुंज आहे, दुसऱ्यात एक ग्रॅम. विश्वास कुठल्यावर ठेवायचा? मुखपृष्ठांचे आणि वेखंडाच्या पानांचे फोटो सोबत पाठवले आहेत.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे. मी ठाण्यात वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण मी वैद्य नाही. त्यामुळे बाबांनी काय घ्यावं हे सांगणार नाही. पुस्तक कसं पारखायचं, तेवढं सांगते.

आधी वेखंड. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, हे माप आजोबांच्या पिढीला पाठ होतं. आयुर्वेदाच्या सरकारी योगसंग्रहात, म्हणजे औषधं कशी बनवायची ते सांगणाऱ्या ग्रंथात, एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे एक ग्रॅम झाला आठ गुंजांचा. आता भारत सरकारची आयुर्वेदिक फार्माकोपिया, म्हणजे औषधांची ओळख आणि मात्रा ठरवून देणारा अधिकृत ग्रंथ, काढून बघा : वेखंडाच्या चूर्णाची नेहमीची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम आणि उलटी करवण्यासाठी १ ते २ ग्रॅम. आजोबांचं पुठ्ठा निखळलेलं पुस्तक बरोबर निघालं. नव्या, चकचकीत पुस्तकानं 'बुद्धिवर्धक' या मथळ्याखाली चक्क ओकारीची मात्रा छापलीय! 'गुंज'चा 'ग्रॅम' लेखकानं केला की टंकणाऱ्यानं, कोण जाणे. पण मुद्रितं कुणा जाणत्यानं वाचलेली नाहीत, एवढं नक्की.

वेखंडाच्या पानावर आणखी एक गोष्ट शोधा. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोगाच्या गाठी झाल्याचं दिसलं आणि अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. आपल्याकडे बाळगुटीत सहाणेवर त्याचे एक-दोन वळसे देत आलेत, आणि हात आखडता ठेवायचा हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असे. आजचं पुस्तक त्याबद्दल एक ओळही लिहीत नसेल, तर त्याच्या बाकीच्या पानांकडेही मी संशयानंच बघेन. कुणाला देऊ नये, किती दिवसांनी थांबवावं, कुठल्या गोळीबरोबर चालत नाही, हे लिहिणारा लेखक मला आवडतो. नुसते गुण गाणारे पुष्कळ आहेत.

दुसरी परीक्षा अशोकाची. ती सोपी आहे, कारण तुमच्या सोसायटीच्या भिंतीलगत तो बहुतेक असेलच. उंच, सरळ, खाली झुकलेल्या फांद्यांचा, लांबट पानांच्या कडा लाटांसारख्या. तो औषधातला अशोक नव्हे. त्याचं शास्त्रीय नाव मोनून लाँगिफोलियम, जुन्या पुस्तकांत पॉलिअल्थिया. औषधात साल वापरतात ती सीतेच्या अशोकाची, म्हणजे साराका असोकाची. त्याला केशरी-तांबड्या फुलांचे घोस येतात आणि कोवळी पालवी तांबूस, मलूल लोंबत असते. तुमच्या चकचकीत पुस्तकाच्या मुखपृष्ठावर डावीकडे छापलाय तो सोसायटीतलाच! ब्राह्मीचंही पान उघडून पाहा. बाजारात त्या नावानं बऱ्याचदा गोल पानांची मंडूकपर्णी हातात पडते, फार्माकोपियातली ब्राह्मी वेगळी, जाडसर बारीक पानांची. हा घोळ उघडपणे सांगणारं पुस्तक जवळ ठेवावं.

कीर्तिकर-बसूंचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा इंग्रजी संच मात्र रद्दीत घालू नका. पहिली आवृत्ती १९१८ ची, ब्लाटर, केयस आणि म्हसकर यांनी सुधारलेली दुसरी १९३० च्या दशकातली. वनस्पती ओळखायला आणि कुठल्या प्रांतात लोक ती कशासाठी वापरत हे कळायला तो आजही उत्तम. पण तुमच्या प्रतीवरचं अलीकडचं साल पुनर्मुद्रणाचं आहे, माहितीचं नाही. सापसंदाचं उदाहरण घ्या. तिच्या कुळातल्या वनस्पतींतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लानं मूत्रपिंडं निकामी होतात, हे ठसठशीतपणे पुढं आलं ते १९९० च्या दशकात, बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधांतून बायकांना बाधा झाल्यावर. कीर्तिकरांना ते कुठून ठाऊक असणार? त्यांना दोष नाही. दोष आजच्या त्या लेखकाचा, जो जुन्यातलं उचलून सापसंद जशीच्या तशी सुचवतो.

'संशोधनाने सिद्ध' हे शब्द दिसले की विचारा : कुणावर? उंदरांवर, काचेच्या बशीतल्या पेशींवर, की माणसांवर? आणि किती? गुळवेलीचंच बघा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी गुळवेल असू शकते. पुढं आणखी रुग्णांची नोंद आली. अलीकडच्या पुस्तकात दोन्ही बाजू हव्यात. 'अमृता, पूर्ण निर्धोक' एवढंच असेल तर लेखकानं अभ्यास थांबवलाय.

'मधुमेह मुळासकट बरा' अशी हमी देणाऱ्या पुस्तिकेवर वेळ घालवू नका. मधुमेह बरा करण्याच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्यानंच मना आहे, आणि तुमच्या फोटोतल्या त्या पातळ पुस्तिकेच्या मागच्या पानावर औषध मागवायचा फोन नंबर आहे. ते पुस्तक नव्हे, दुकानाची पाटी.

तेव्हा कीर्तिकर-बसू आणि आजोबांचं पुस्तक ठेवा. आजोबांच्या पुस्तकाला बाइंडिंग करून घ्या आणि पहिल्या कोऱ्या पानावर गुंज-मासा-तोळ्याचं कोष्टक लिहून ठेवा. फार्माकोपियाच्या पीडीएफ महाजालावर मिळतात, त्या बाबांच्या टॅबवर उतरवून द्या. चकचकीत पुस्तक त्यांच्या हाताला लागू देऊ नका. आणि ते सध्या जे जे काढे घेतायत त्यांची यादी मधुमेहाच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. रक्तातली साखर गोळीनंही उतरते आणि काही काढ्यांनीही. दोन्ही एकदम लागू पडली तर ७४ व्या वर्षी भोवळ येऊन पडायला वेळ लागत नाही.